वाचकांचे प्रश्न : मालीमचा बूस्टर, सत्तरीची डिश आणि वरचं आभाळ

मागच्या महिन्यात मी इथे लिहिलं होतं, की पुढची मोबाइल सेवा एकट्या टॉवरवर चालणार नाही. वर उपग्रह, मध्ये ड्रोन किंवा फुगे आणि खाली टॉवर, अशी तिघांच्या भागीदारीत चालेल. त्यावर आलेली पत्रं बहुतेक सगळी धास्तीची आहेत. आभाळातून येणाऱ्या गोष्टीत मध्येच कुणी हात घातला तर काय, हाच सूर. त्यातली काही आज घेतो.

नव्या वाचकांसाठी एवढंच : मी गोव्यातल्या चोडणचा, जहाजावरचा रेडिओ ऑफिसर. १ फेब्रुवारी १९९९ला जगभरच्या जहाजांवर जीएमडीएसएस ही उपग्रहांवर बेतलेली संकटसंदेश पद्धत पूर्णपणे लागू झाली, ठिपके-रेघांच्या मोर्स संकेतांची सद्दी संपली आणि आमची जमातच निकालात निघाली. उपग्रहांशी माझं नातं सवतीचं आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

आमचा ट्रॉलर मालीम जेटीवर असतो. जेटीवर बांधलेला असताना नकाशा दाखवणाऱ्या प्लॉटरवरचं जीपीएस जातं. मांडवीच्या तोंडाबाहेर पडलं की आपोआप येतं. भाचा म्हणतो, परदेशी लोक उपग्रह हॅक करतात. तांडेल म्हणतो, मशीन बदला. काय करू? – ट्रॉलरमालक, बेती

मशीन बदलू नका. आणि भाच्याला सांगा, परदेशी उपग्रहाला मालीमच्या बांगड्यात काही रस नाही.

तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे. जेटीवर जातं, बाहेर येतं. म्हणजे खोट ना मशीनमध्ये, ना आभाळात. ती जेटीवर कुठेतरी बसली आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून बोलतात. खाली पोचेपर्यंत त्या आवाजात किती जोर उरतो? एका वॅटला एक कोटीने भागा, जे येईल त्याला पुन्हा एक कोटीने भागा, आणि वर आणखी शंभराने. इतक्या बारीक कुजबुजीवर आपण बोटी, विमानं आणि बँकांची घड्याळं चालवतो. शेजारी कुणी नुसतं खाकरलं तरी ती ऐकू येत नाही.

पत्र आलं त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, माझा जुना हातातला जीपीएस घेऊन मी जेटीवर गेलो. बर्फाच्या क्रेट्स चुकवत एका टोकाकडून चालू लागलो. पहिल्या दोन ट्रॉलरांपाशी आठ-नऊ उपग्रह दिसत होते. तिसऱ्यापाशी चार, चौथ्यापाशी एकही नाही. चौथ्याच्या केबिनवर टीव्हीचा अँटेना होता आणि त्याच्या दांड्याला काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला बूस्टर. खलाशी आत मालिका बघत होते. टीव्ही बंद करायला सांगितला, काही फरक नाही. मग लक्षात आलं, बूस्टरला वेगळा अडॅप्टर आहे आणि तो चोवीस तास लावलेला असतो. तो उपसला. दोन मिनिटांत माझ्या पडद्यावर सात उपग्रह. पुन्हा लावला, गायब. तीनदा करून पाहिलं; तोवर खलाशी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघू लागले होते. तुमचा ट्रॉलर शेजारीच बांधलेला असतो. बाहेर पडलात की तुम्ही त्या बूस्टरपासून लांब जाता, एवढंच.

यात नवल काही नाही. २००१ साली कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात नेमकं हेच झालं होतं. अख्ख्या बंदरात जीपीएस चालेना, आणि शोधता शोधता निघाले बोटींवरच्या टीव्ही अँटेनाचे बूस्टर. बिघडलेला बूस्टर सिग्नल मोठा करता करता स्वतःच बोंबलायला लागतो, आणि ते बोंबलणं जीपीएसच्या लहरीवर, म्हणजे १,५७५.४२ मेगाहर्ट्झच्या आसपास पडलं, की खेळ खलास.

हा झाला नकळत केलेला अडथळा. मुद्दाम करणारेही असतात. अमेरिकेत नेवार्क विमानतळाच्या परिसरात एक कामगार मालकाला गाडीचा ठावठिकाणा कळू नये म्हणून गाडीत जीपीएसचा आवाज बुडवणारा छोटा जॅमर लावून फिरत होता. त्याने विमानतळाच्या उतरण्याच्या यंत्रणेत विघ्न आणलं. २०१३मध्ये त्याला जवळजवळ ३२ हजार डॉलर दंड झाला. त्या बिचाऱ्याला विमानांशी काही देणंघेणं नव्हतं.

पण तांडेलाने खरं भ्यावं ते तिसऱ्या प्रकाराला. जॅमिंगमध्ये मशीन 'पोझिशन नाही' म्हणतं, प्रामाणिकपणे हात वर करतं. स्पूफिंगमध्ये ते खोटी जागा खऱ्यासारखी दाखवतं. २०१३च्या जूनमध्ये टेक्सास विद्यापीठाच्या लोकांनी भूमध्य समुद्रात, मालकाच्या परवानगीने, ६५ मीटर लांबीच्या एका यॉटवर हा प्रयोग केला. बॅगेत मावेल एवढं यंत्र. आधी खऱ्या सिग्नलशी तंतोतंत जुळणारा खोटा सिग्नल सोडला, मग त्याचा जोर हळूच वाढवला, आणि यॉटच्या यंत्रणेने खऱ्याचा हात सोडून खोट्याचा धरला की जागा थोडी थोडी सरकवायला सुरुवात केली. प्लॉटर म्हणाला, बोट डावीकडे वाहते आहे. सुकाणूने ती उजवीकडे घेतली. पडद्यावर रेघ सरळच. पाण्यावरचा फेस मात्र वळत गेलेला. एकही घंटा वाजली नाही.

ही प्रयोगशाळेतली गंमत राहिलेली नाही. २०१७मध्ये काळ्या समुद्रातल्या जहाजांना त्यांचं जीपीएस सांगत होतं, की तुम्ही विमानतळावर उभे आहात. २०२५मध्ये दिल्ली विमानतळाजवळ विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळाल्याचं सरकारनेच संसदेत सांगितलं.

असं का जमतं? नागरी जीपीएस सिग्नलवर सही नसते. नोटेवर गांधीजी असतात, पण उजेडात धरल्यावर दिसणारी खूण नसते, तशातली गत. युरोपच्या गॅलिलिओने २०२५पासून आपल्या संदेशांवर अशी सही द्यायला सुरुवात केली आहे. ती तपासणारं मशीन तुमच्याकडे असेल तर तिचा उपयोग.

तोवर तांडेलबाबांनी करायचं ते जुनंच. प्लॉटर जे ठिकाण दाखवतो तिथे नकाशात किती वाव खोल पाणी आहे आणि फिश फाइंडर किती दाखवतो, हे दर तासाला ताडून पाहायचं. रात्री आग्वादच्या दीपगृहाचा दिवा कंपासवर कुठे येतो, ते बघायचं. शेजारच्या ट्रॉलरला व्हीएचएफ रेडिओवर जागा विचारायची, आणि दोन मैलांवरचे दोन ट्रॉलर एकाच बिंदूवर दिसत असतील तर दोघांनीही यंत्राकडे पाठ फिरवायची. २०२४च्या ऑगस्टपासून केंद्राच्या योजनेत एक लाख मासेमारी नौकांवर इस्रोने तयार केलेले, उपग्रहावरून संदेश पाठवणारे ट्रान्सपाँडर बसवायचं काम सुरू झालं आहे. ते तुमच्याकडे असेल तर एक गोष्ट खलाशांना पाठ करून घ्या : संकटाचं बटण दाबलं की संदेश उपग्रहावरून जातो, पण त्यातली जागा यंत्राला ठाऊक असते तीच जाते. म्हणून बटण दाबून झाल्यावर व्हीएचएफच्या चॅनल १६वर तोंडानेही सांगा, कुठला दिवा कुठल्या दिशेला दिसतो ते.

आमची सरकारी प्राथमिक शाळा सत्तरीत, रानाच्या कडेला आहे. मोबाइलला रेंज नाही, म्हणून छपरावर उपग्रहाची डिश बसवली. मुलांची नावं, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीचे अर्ज सगळं त्यावरून जातं. हे वाटेत कुणी ऐकू शकतं का? – शिक्षिका, वाळपई परिसर

ऐकू शकतं, बाई. आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे.

तुमची डिश वर जे पाठवते ते बारीक झोतात जातं. पण ३५,७८६ किलोमीटरवरचा उपग्रह जे खाली सोडतो ते तुमच्या शाळेवरच पडत नाही. अर्ध्या देशावर पडतं. जत्रेत देवळाच्या भोंग्यावरून एका माणसाचं नाव पुकारावं, तसं. ऐकणाऱ्याला पोल चढायला नको, तार कापायला नको. अंगणात खुर्ची टाकून बसलं की झालं. २०२५मध्ये सॅन दिएगो आणि मेरीलँडच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी छपरावर साधी डिश लावली, बाजारात मिळणारं सुमारे ८०० डॉलरचं सामान जोडलं आणि तीन वर्षं वर बघत बसले. त्यांना काय सापडावं? मोबाइल कंपनीच्या दूरच्या टॉवरवरून जाणारी लोकांची संभाषणं, विमानात बसलेल्यांचं इंटरनेट, लष्करी जहाजांची माहिती. कुलूप लावलेलंच नव्हतं, म्हणजे मजकूर गुप्त संकेतात बांधलेलाच नव्हता. त्यांनी कळवल्यावर काही कंपन्यांनी घाईघाईने लावलं.

का लावत नाहीत, हे मला नोकरीतून चांगलं ठाऊक आहे. कुलूप लावलं की यंत्रणा महाग होते, बँडविड्थ थोडी खाल्ली जाते आणि बिघाड शोधताना तंत्रज्ञाला घाम फुटतो. आणि खरं कारण म्हणजे, कोण बघायला बसलंय वर, हा समज.

यात एक खरोखरचा पेच आहे, तो तुम्हाला अनुभवाला येईल. या उपग्रहामार्गे पाठवलेल्याची पोच परत यायला अर्धा सेकंद लागतो. माहितीच्या दर पाकिटाची पोच येईपर्यंत थांबलं तर पान उघडायला युग लागेल, म्हणून कंपनीची यंत्रं मध्येच पाकीट उघडून बघतात आणि 'पोचलं, पुढचं पाठवा' असं खोटंच सांगतात. त्यामुळे वेग मिळतो. तुम्ही व्हीपीएन, म्हणजे सगळा मजकूर गुप्त करून नेणारी वाट, लावला की पाकीट सीलबंद होतं, त्या यंत्राला आत बघता येत नाही आणि वेग गडगडतो. मग शाळेतला कुणीतरी तरबेज मुलगा व्हीपीएन बंद करून देतो आणि सगळे खूश होतात. अर्ज भरताना तरी तो चालू ठेवा. चहा पिऊन या तोवर.

बाकी तुमच्या हातातलं : सरकारी पोर्टल कुलपाच्या चिन्हाचं असेल तर आतला मजकूर बऱ्यापैकी सुरक्षित असतो, मग डिशचं कुलूप नसलं तरी. आधारची यादी मात्र साध्या ईमेलला जोडून पाठवू नका. आणि वर बघायच्या आधी वर्गातल्या राउटरकडे बघा. त्याचा पासवर्ड शाळेचं नाव आणि पुढे १२३ असा असेल, तर आभाळातून ऐकणाऱ्या चोराची काळजी करण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात डिश बंद पडली तर मात्र हॅकरला शिव्या देऊ नका. सत्तरीतला पाऊस कुठल्याही हॅकरपेक्षा सरस आहे.

उपग्रह, ड्रोन आणि जमिनीवरचं नेटवर्क यांत सर्वांत कच्चा दुवा कोणता? प्रोजेक्टसाठी हवं आहे. – विद्यार्थी, फर्मागुढी

प्रोजेक्टसाठी हवं असलेलं एका ओळीचं उत्तर मी देणार नाही. तुझे सर ओळखतील. त्याऐवजी चोडणला ये, आमचं खाजन दाखवतो.

खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पातळीखालचं शेत. भोवती बांध, आणि बांधात एका ठिकाणी मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीला नदीचं खारं पाणी दारांवर दाबतं, ती आपोआप मिटतात. ओहोटीला शेतातलं पाणी आतून ढकलतं, उघडतात. बांध फुटून शेत खारावलेलं मी लहानपणी एकदाच पाहिलं. मानशीच्या दारात फांदी अडकून खारावलेलं दर दोन वर्षांनी. आणि कधी कधी फांदी अडकत नसे, अडकवली जाई. मानशीवर मासे-सुंगटं (कोळंबी) धरायचा हक्क लिलावात जातो. ज्याने लिलाव घेतला त्याला भरतीचं पाणी आत आलेलं हवं असतं, मासे येतात ना! शेत त्याचं नसतं.

आता २४ फेब्रुवारी २०२२ची पहाट बघ. रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याच वेळी केए-सॅट या उपग्रहावरून चालणारे युरोपभरचे हजारो मोडेम मेले. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रण गेलं. पाती फिरत राहिली, पण त्यांच्याशी बोलता येईना. उपग्रहाला ओरखडाही आला नव्हता. तो वर होता तिथेच, ठणठणीत. हल्लेखोर शिरले जमिनीवरून, नीट न बांधलेल्या एका व्हीपीएन यंत्रातून. तिथून मोडेमची देखभाल करणाऱ्या विभागात पोचले आणि मोडेमना रोजच्या वाटेने, रोजच्या भाषेत हुकूम दिला, की तुमची स्मृती पुसा. मोडेमनी आज्ञा पाळली. हे मानशीचं दार. बांधाला कुणी हात लावला नाही.

तुझ्या तीन थरांच्या जाळ्यात अशा मानशी किती, ते मोज. ५५० किलोमीटरवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळतो. तुझ्या डोक्यावर तो काही मिनिटंच असतो, मग दुसऱ्याच्या हाती तुला सोपवतो. दर वेळी नव्याने ओळख पटवायची म्हटलं तर बोलणं तुटतं. ओळख आधीच पुढे पाठवून ठेवायची म्हटलं तर किल्ली वाटेत ठेवावी लागते. सगळी गोम इथे आहे. संशोधनाचे अर्धे पेपर या काही मिलिसेकंदांसाठी भांडतात.

मधला थर आणखी नाजूक. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आपल्याकडे कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, टॉवर मेलेले. समज, तेव्हा सरकारने ड्रोनवर छोटा टॉवर बसवून पेडण्यावर पाठवला असता. लोकांचे फोन त्याला चिकटले असते, कारण फोन जोरदार आवाजाकडे जातो. पण त्याच वेळी दुसऱ्या कुणी आपला ड्रोन उडवला तर? ३जीपासून पुढे फोन आणि नेटवर्क दोघंही एकमेकांची ओळख पटवतात. २जीमध्ये फक्त फोनला ओळख द्यावी लागते, टॉवरला कुणी विचारत नाही. म्हणून खोटा टॉवर काय करतो, फोनला जुन्या २जीवर ढकलायला बघतो. जो ड्रोन अर्ध्या तासाच्या बॅटरीवर लटकतो आहे त्याच्याकडून ओळख पटवायची जड गणितं करून घ्यायची, म्हणजे उडण्याचा वेळ कापायचा. आणि तो ड्रोन आपत्ती व्यवस्थापनाचा, उपग्रह एका कंपनीचा, टॉवर दुसरीचा. लिलाव कुणी घेतलाय आणि शेत कुणाचं, हे आधी विचार.

जुना उपग्रह निदान भोळा होता. आला तो सिग्नल आरशासारखा परत फेकायचा. १९८६च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या एका डिशचालकाने एका वाहिनीने डिशवाल्यांवर बसवलेल्या दरावर चिडून तिच्यापेक्षा मोठ्या जोराने उपग्रहाकडे आपला निषेधाचा मजकूर पाठवला, आणि उपग्रहाने तो निमूटपणे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात दाखवला. मालक कोण, हे त्याला कळतच नव्हतं. जोरात बोलेल तो मालक. नवे उपग्रह म्हणजे उडते संगणक. ते विचारतात. पण संगणक म्हटला की त्याला सुधारणा आली, आणि सुधारणा पाठवायची वाट म्हणजे पुन्हा एक मानस.

एक मुद्दा मात्र प्रोजेक्टमध्ये घालच, कारण तो बहुतेक जण विसरतात. भूस्थिर उपग्रह पंधरा वर्षं वर असतो. आज त्याला लावलेलं कुलूप पंधरा वर्षांनंतरच्या चोराला पुरून उरायला हवं, आणि शिडी लावून बदलता येत नाही. क्वांटम संगणकांपुढे टिकतील अशा कुलपांची तीन मानकं अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०२४च्या ऑगस्टमध्ये जाहीर केली. त्यांच्या किल्ल्या आणि सह्या जुन्यांपेक्षा लांबलचक आहेत. छोट्या उपग्रहाच्या अरुंद वाटेवरून त्या किती वेळात जातात, एवढं गणित करून दाखवलंस तरी प्रोजेक्ट तुझा झाला.

मांद्रेला आमचा होमस्टे आहे. एका परदेशी पाहुण्याकडे हातात मावणारं केशरी यंत्र आहे, त्यावरून तो उपग्रहामार्फत घरी मेसेज करतो. काही भानगड नाही ना? – होमस्टेचालक

भानगड आहे. परवान्याशिवाय असलं यंत्र आपल्या देशात बाळगणं गुन्हा आहे, मग ते फोन असो वा ट्रेकिंगचं मेसेज पाठवणारं. १९३३चा वायरलेस कायदा यासाठी आजवर वापरला जात आला आहे. २०२४च्या डिसेंबरमध्ये गोव्यात विमानतळावर अशाच यंत्रांवरून परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली होती.

त्यामागचं कारण असं, की ते मेसेज भारतातल्या कुठल्याही केंद्रातून न जाता थेट बाहेर पडतात आणि आपल्या यंत्रणांना ते दिसत नाहीत. २००८मध्ये मुंबईवर हल्ला करायला समुद्रातून आलेल्यांकडे उपग्रह फोन होता, तेव्हापासून सरकारचा हात आणखी आखडला. उपग्रहाचं इंटरनेट देऊ पाहणाऱ्या कंपन्यांना जमिनीवरचं केंद्र भारतातच ठेवायची अट आहे, तीही याचसाठी. मला विचाराल तर डोंगर चढणारा आणि तस्कर एकाच फळीवर बसवणारा कायदा जरा बोथट आहे. पण तो बदलेपर्यंत पाहुण्याला यंत्र बंद करायला सांगा आणि स्वतःहून पोलीस ठाण्यात कळवायला सांगा. पुढच्या परदेशी पाहुण्याला त्याची नोंद करतानाच विचारा.

हळदीच्या शूटिंगला ड्रोन उडवला. अचानक त्याने सिग्नल सोडला आणि परत येताना माडात अडकला. कुणी हॅक केला असेल? – छायाचित्रकार, म्हापसा

नाही. तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर उडवत होता. त्याच लहरीवर हॉलचं वाय-फाय, डीजेचा ब्लूटूथ आणि पाहुण्यांचे हॉटस्पॉट. संपर्क तुटला, ड्रोन शहाण्यासारखा घरी निघाला, पण परतीची उंची तुम्ही वीस मीटर ठेवलेली असणार. माड त्याहून उंच असतो. चाळीसवर ठेवा, ५.८ गिगाहर्ट्झ वापरून बघा, आणि उडवण्याआधी ड्रोनला कुठे मुभा आहे ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा उघडा. दाबोळी नौदलाची आहे आणि मोपा आता तुमच्या शेजारी आहे. माडावरून उतरवायला पाडेलीला किती दिले, ते लिहिलं नाहीत.

मीही तुमच्यासारखाच जुना रेडिओ ऑफिसर. आपण समोरच्याचा 'हात' ओळखायचो. हल्ली यंत्र यंत्राशी बोलतं. त्यांना कुणाचा हात ओळखता येतो का? – निवृत्त तारवटी, आगशी

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

इतर वाचकांसाठी : मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाची ढब वेगळी असे. कुणाचा ठिपका तुटका, कुणाची रेघ ओढलेली. कॉलसाइन, म्हणजे जहाजाचं रेडिओवरचं नाव, कुणीही लावू शकतो, पण हात उसना घेता येत नसे. हल्ली तेच शास्त्र पुन्हा आलं आहे. एकाच कारखान्यातून निघालेले दोन ट्रान्समीटरही हुबेहूब सारखे नसतात. लहर सुरू होताना, फिरताना प्रत्येकाची बारीक खोड असते. संशोधक उपग्रहांच्या बाबतीत ती खोड संगणकाला शिकवून खरा उपग्रह आणि खोटा सिग्नल वेगळे करू बघताहेत. किल्ली चोरता येते, खोड चोरणं अवघड. अडचण अशी, की यंत्र तापतं, थंड होतं, म्हातारं होतं, आणि खोडही थोडी बदलते. मग हात बदलला म्हणून आपलाच माणूस परका ठरतो.

हे मी भोगलं आहे. अरबी समुद्रात होतो, १९८७च्या सुमाराला. आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर माझा मित्र होता, मयेचा. रोज रात्री ठरल्या वेळी आम्ही दोन मिनिटं बोलायचो. एका रात्री वेळ बरोबर, लहर बरोबर, कॉलसाइन बरोबर, हात मात्र परका. त्याची शेवटची रेघ नेहमी लांबायची. ही शाळेत शिकवल्यासारखी नेटकी. मला शंका आली. मी विचारलं, गेल्या शिगम्यात तुझ्या अंगणात काय फुटलं?

उत्तर येईना. दोन मिनिटं, तीन मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात लाल पट्टा जवळ आला, म्हणजे सगळ्यांनी गप्प बसून संकटाची हाक ऐकायची तीन मिनिटं. त्याच्या काही सेकंद आधी उत्तर आलं. त्याला ताप होता, शिकाऊ पोराला मोर्सच्या कीवर बसवून तो बंकवर पडला होता, आणि माझा प्रश्न ऐकून स्वतः उठून आला होता. अडखळत अडखळत एकच शब्द पाठवला : घुमट, शिगम्यात वाजवायचं आमचं मातीचं वाद्य. ताप एकशे तीन होता म्हणे, पण शेवटची रेघ लांबलेलीच होती.